आजीवन कर भरला, मग नोंदणी संपली कशी?

प्रश्न : माझी स्कूटर ऑगस्ट २०१० मध्ये साताऱ्यात नवी घेतलेली असून ती माझ्याच नावावर आहे. विमा मी दर वर्षी वेळेवर भरते आणि आजवर एकही अपघात झालेला नाही. मागच्या आठवड्यात मुलाने बंगळूरूहून सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहिला, तेव्हा नोंदणीची मुदत २३ ऑगस्ट २०२५ रोजीच संपल्याचे दिसले. म्हणजे दोन महिने आणि वर काही दिवस होऊन गेले. मात्र त्याच पानावर कराच्या रकान्यात ‘एलटीटी’ असे लिहिले आहे आणि त्याचा अर्थ आजीवन कर भरलेला आहे असे तो सांगतो. कर आयुष्यभराचा भरला असेल तर नोंदणी संपते कशी? मुलाच्या मते नूतनीकरण म्हणजे घरबसल्या दहा मिनिटांचे काम आहे. पण ओटीपी जातो तो आमच्या घरात कोणाचाच नसलेल्या मोबाइल क्रमांकावर. ओळखीचा एजंट सहा हजार रुपयांत गाडी न नेता काम करून देतो म्हणतो. शिवाय परवा व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एक फाइल आली आहे, ती अजून उघडलेली नाही. गाडी रोज लागते. मी काय करावे? – एक सेवानिवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्राच्या शेवटी तुम्ही ज्या फाइलचा उल्लेख केला आहे तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची कामे दोन दिवस थांबली तरी चालतील, हे थांबणार नाही. ती फाइल उघडू नका, कोणाला पुढे पाठवू नका आणि काढून टाका. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतील तर ते चलनही नाही आणि कसले कागदपत्रही नाही. ते फोनमध्ये उतरणारे एक ॲप असते, आणि ते एकदा उतरले की तुमच्या फोनवर येणारे संदेश, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हाती लागू शकतात. चलन खरेच आहे की नाही हे पाहायचे असेल तर परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घालावा. आलेल्या संदेशातल्या दुव्यावरून तिथे जाऊ नये. चुकून कोणी फाइल उघडलीच असेल तर फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण ती स्पष्टच सांगितली पाहिजे. आजपासून स्कूटर रस्त्यावर काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५२ प्रमाणे खासगी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरची मुदत संपली की ते वाहन वैधपणे नोंदलेले मानले जात नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत ते सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमची पंधरा वर्षांची, एकही अपघात न झालेली स्कूटर आज नोंदणी नसलेल्या गाडीच्या पंक्तीत बसली आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली अशी गाडी चालवल्याबद्दल पहिल्या खेपेस पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षा मला काळजी वाटते ती विम्याची. तुम्ही हप्ता वेळेवर भरता हे उत्तमच. परंतु २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीच्या प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यानंतर जोधपूरला नेलेल्या आणि मुदत संपून जेमतेम नऊ दिवस झाले असताना चोरीस गेलेल्या गाडीचा दावा विमा कंपनीने नाकारला तो योग्यच ठरवला. वैध नोंदणीशिवाय गाडी वापरणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ते प्रकरण तात्पुरत्या नोंदणीचे होते, तुमचे तसे नाही, तरीही दावा आलाच तर कंपनी कशाकडे बोट दाखवेल हे त्यावरून कळते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. परिवहन खात्याच्या कार्यालयात पंधरा वर्षांच्या गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांपैकी पुष्कळजणांचा घोटाळा याच दोन शब्दांपाशी होतो. कर ही एक गोष्ट आहे आणि नोंदणी ही दुसरी. गाडी घेताना विक्रेत्यामार्फत तुम्ही जो एकरकमी कर भरला तो राज्य सरकारचा मोटार वाहन कर होता. तो गाडीच्या आयुष्यभरासाठी असतो, म्हणूनच पडद्यावर त्याच्या रकान्यात तारखेऐवजी ‘एलटीटी’ ही अक्षरे येतात. नोंदणी मात्र केंद्राच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालते. त्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण करावे लागते. आजीवन कर भरल्याने गाडी आजीवन धडधाकट राहत नाही, आणि नूतनीकरणाच्या वेळी तपासले जाते ते नेमके हेच, की ही गाडी अजून रस्त्यावर धावण्याच्या लायकीची आहे काय, आणि ती तीच गाडी आहे काय. या दोन्हींखेरीज महाराष्ट्रात पंधरा वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर हा आणखी एक कर पाच वर्षांसाठी भरावा लागतो. तो वाहनाच्या प्रकारावर आणि इंधनावर ठरतो. नाव ‘कर’ असल्यामुळे ‘आम्ही तर आजीवन भरला आहे’ असे म्हणून लोक खिडकीवर वाद घालतात. तो वाद व्यर्थ आहे, कारण आजीवन करात पर्यावरण कर धरलेला नसतो.

जाता जाता आणखी एक शंका दूर करतो, कारण पंधरा वर्षांचा आकडा ऐकला की कोणीतरी शेजारी ती हमखास काढतो. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी चालवता येत नाही, ही ज्याची बातमी होते तो विषय दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा आहे. साताऱ्यातल्या खासगी स्कूटरशी त्याचा काही संबंध नाही.

तुमचे चिरंजीव दहा मिनिटांचे काम म्हणतात ते सर्वस्वी चूक नाही. अर्ज भरणे आणि पैसे भरणे याला खरोखरच तेवढाच वेळ लागतो. पण ती दहा मिनिटे शेवटी येतात, आणि त्याआधीचे काम झालेले नसेल तर ती कधी येतच नाहीत. ते आधीचे काम म्हणजे सरकारी नोंदीतली गाडी आणि तुमच्या दारातली गाडी अक्षरशः एकच आहे याची खात्री करून घेणे. माझा सल्ला असा, की ही खात्री होईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

त्यासाठी ॲपवरच्या त्या पानाकडे पुन्हा एकदा, या वेळी सावकाश पाहा. परिवहन विभागाचे अधिकृत संकेतस्थळ ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ हे आहे आणि ॲपचे नाव ‘एमपरिवहन’. शोधपट्टीत ‘आरसी (म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र) नूतनीकरण’ असे लिहून जी पहिली चार नावे येतात त्यांतली काही खासगी असतात. ती माहिती दाखवतात खरी, परंतु त्यांच्याकडे अर्ज करता येत नाही, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही हे पाहण्याची सवय ठेवावी. अधिकृत पानावर कोणत्याही वाहनाचा क्रमांक घातला की मालकाचे नाव अर्धे चांदण्यांनी झाकलेले दिसते, इंधन, वाहनाचा वर्ग, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राची, मुदत दिसते. तुमच्या गाडीपुढे ‘फिटनेस’ आणि ‘नोंदणी’ यांची मुदत एकच दिसेल. त्याने गोंधळू नका, स्वतंत्र फिटनेस प्रमाणपत्र रिक्षा, टेम्पो, ट्रक अशा वाहतुकीच्या वाहनांना लागते, खासगी गाडीची नोंदणी वैध असणे हेच तिचे फिटनेस. विम्याची तारीख मात्र नीट पाहा. तुम्ही हप्ता भरलेला असूनही तिथे मागच्या वर्षीची तारीख असेल तर विमा कंपनीने नवी माहिती चढवलेली नाही असा त्याचा अर्थ, आणि ती दुरुस्ती कंपनीकडूनच करून घ्यावी लागते.

वित्तसंस्थेचे नाव हा असाच एक छुपा खडा आहे. स्कूटर कर्जावर घेतली असेल आणि कर्ज कधीच फिटले असेल, तरी नोंदीत बँकेचे नाव तसेच राहिलेले असते, कारण कर्ज फेडणे आणि परिवहन कार्यालयात ‘एचपी’, म्हणजे नोंदीवरचा कर्जाचा बोजा, उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हप्ते संपल्याच्या आनंदात कोणी लक्षात घेत नाही. तसे असेल तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि हा बोजा उतरवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ३५, लागेल. पंधरा वर्षांत त्या बँकेची शाखा हलली असेल किंवा ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हे एकच काम पंधरवडा खाते, म्हणून ते आधी पाहा.

यानंतर चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक. संकेतस्थळावर कोणतीही सेवा घेताना गाडीच्या क्रमांकासोबत चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक विचारले जातात, आणि बहुतेक लोक ते आरसीवरून उतरवून काढतात. तसे करू नका, गाडीवरून घ्या. स्कूटरवर हा क्रमांक मॉडेलप्रमाणे वेगवेगळ्या जागी असतो, कुठे आसनाखालच्या सांगाड्यावर, कुठे पायदानाजवळच्या लहानशा झाकणामागे. सापडला नाही तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जागेचे चित्र असते. तिथे पंधरा पावसाळ्यांचा चिखल आणि वंगण साचलेले असणार. थोडे तेल लावलेल्या फडक्याने तो थर मऊ होऊ द्या, कोरड्या कापडाने पुसा, आणि कितीही मोह झाला तरी सॅंडपेपर लावू नका. कोरलेले अंक घासले गेले तर निरीक्षकाच्या मनात जो संशय उभा राहील तो निस्तरणे फार अवघड. मग पातळ पांढरा कागद त्यावर घट्ट धरून मऊ शिसाच्या पेन्सिलीची कड हलक्या हाताने एका दिशेने फिरवत न्या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, अगदी तसेच. सतरा अक्षर-अंकांची ओळ कागदावर हळूहळू पांढरी उमटते. हा ठसा तुम्हाला अर्जासोबत द्यायचाच आहे, तेव्हा दोनतीन काढून ठेवा. तो आरसीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहा. या सतरा अक्षरांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे वाटोळे दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक, असे खुशाल समजावे. आठ आणि बी यांच्याबाबत मात्र अशी सोय नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या नोंदीत विक्रेत्याच्या कारकुनाने इंजिन क्रमांकातल्या बीचा आठ केला होता आणि ते मला बारा वर्षांनी कळले. दुरुस्तीसाठी मूळ बिल शोधताना माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका खाली उतरवाव्या लागल्या. इंजिन क्रमांकही असाच पाहून घ्या. चूक सापडलीच तर ती आधी दुरुस्त होईल, नूतनीकरण नंतर.

ओटीपी परक्या क्रमांकावर जाण्याचे कारण २०१० साली आहे. त्या काळी अर्जावर ग्राहकाचा मोबाइल क्रमांक घालण्याला कोणी फारसे महत्त्व देत नसे, आणि पुष्कळदा विक्रेता स्वतःचाच किंवा दुकानातल्या मुलाचा क्रमांक लिहून मोकळा होई. संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक अद्ययावत करण्याची स्वतंत्र सोय आहे. तिथे गाडीचा क्रमांक, चेसिस आणि इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख आणि मुदत अशी माहिती घालून, आधारच्या साहाय्याने नवा क्रमांक जोडता येतो. अडचण येते ती नावाची. आधारवर तुमचे नाव, पतीचे नाव, आडनाव अशा क्रमाने आणि आरसीवर आडनाव आधी, किंवा एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरे असतील तर संगणक त्या दोन वेगळ्या व्यक्ती समजतो, आणि तुम्ही शिक्षिका म्हणून कितीही तळमळीने शुद्धलेखन समजावून सांगितले तरी तो ऐकत नाही. अशा वेळी तीन-चारदा प्रयत्न करून वैतागण्यापेक्षा आधारची प्रत आणि मूळ आरसी घेऊन सरळ कार्यालयात अर्ज द्यावा. क्रमांक जोडायचा तो तुमचा स्वतःचा, मुलाचा नको. तो हौसेने करू पाहतो आहे हे खरे, पण पाच वर्षांनी त्याचा क्रमांक बदललेला असला तर आज ज्या ठिकाणी अडलो आहोत तिथेच पुन्हा येऊ.

इतके झाले की खरी दहा मिनिटे सुरू होतात. संकेतस्थळावर ‘वाहनविषयक सेवा’ या भागात राज्य आणि कार्यालय निवडून नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, त्यातून नमुना २५ तयार होतो. त्यापूर्वी विमा चालू असला पाहिजे आणि पीयूसीही. तुमची गाडी ‘बीएस-४’ या प्रदूषण मानकाच्या आधीची असल्यामुळे तिचे पीयूसी सहा महिनेच चालते, वर्षभर नाही. ते संपलेले असण्याची शक्यता मोठी आहे. जुनी ई-चलने बाकी असतील तर तीही भरून मोकळे व्हा. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, हा तर सध्याचा सर्वांत मोठा अडथळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या सर्व गाड्यांना ती बसवणे सक्तीचे झाले असून ती नसेल तर परिवहन कार्यालयातली कामे अडवली जातात. तिची नोंदणीही फक्त परिवहन विभागाने दिलेल्या दुव्यावरूनच करावी. कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याने तशीच दिसणारी पाटी करून दिली तरी तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक सरकारी नोंदीत नसतो, त्यामुळे ती पाटी शोभेचीच ठरते.

शुल्काचा हिशेब तुमच्यापुरता मांडतो. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एक हजार रुपये आहे. त्याआधी ते तीनशे होते, म्हणून शेजारच्या काकांनी सांगितलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाही. उशिराबद्दल दुचाकीला प्रत्येक महिन्याला तीनशे रुपये जादा, आणि महिन्याचा काही दिवसांचा भागही पूर्ण महिना धरतात. दोन महिने आणि वर काही दिवस म्हणजे तीन महिने, अर्थात नऊशे रुपये. स्मार्ट कार्डाचे दोनशे. एकूण एकवीसशे, शिवाय पर्यावरण कर आणि टपालखर्च. पुढचा महिना लागला की तीनशे वाढतील, एवढे मात्र लक्षात असू द्या. हाच उशीर मोटारीला झाला असता तर मूळ शुल्क पाच हजार आणि महिन्याला पाचशे असा हिशेब झाला असता. पैसे खात्यातून वजा झाले पण पावती निघाली नाही, असे कधी कधी होते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका, अर्ज क्रमांक घालून आधी व्यवहाराची स्थिती तपासा.

पावती निघाली म्हणजे नूतनीकरण झाले असे नव्हे, आणि नेमके इथेच ‘ऑनलाइन’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. गाडी प्रत्यक्ष मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावीच लागते. लोक त्याला अजूनही ‘पासिंग’ म्हणतात. निरीक्षक चेसिस क्रमांक ठशाशी ताडतो, दिवे, ब्रेक, भोंगा, आरसे, टायर, रंग आणि पाट्या पाहतो. मधल्या काळात गाडीचा रंग बदलला असेल आणि त्याची नोंद केलेली नसेल तर तीही उघडी पडते. तपासणीची वेळ घेण्यापूर्वी तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून मागचा लाल दिवा आणि दोन्ही ब्रेक पाहून घ्या. एका बल्बपायी परत येणाऱ्या गाड्या मी कमी पाहिलेल्या नाहीत. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार किंवा पत्त्याचा अन्य पुरावा, पॅन कार्ड, नमुना २५ ची सही केलेली प्रत, शुल्काची पावती आणि ठसे असू द्यावेत.

तुम्ही विचाराल, की गाडी रस्त्यावर काढायची नाही म्हणता आणि तपासणीलाही न्यायची म्हणता, ते कसे? प्रश्न बिनतोड आहे. काटेकोर उत्तर असे, की छोट्या टेम्पोत घालून न्या. पीयूसीसाठी, नंबरप्लेटसाठी आणि तपासणीसाठी मिळून दोन फेऱ्यांत भागवता आले तर पाहा. पुष्कळ लोक पावती खिशात ठेवून गाडी चालवत नेतात आणि पोलीस पावती पाहून बहुधा सोडूनही देतात, हे मला ठाऊक आहे. पण पोलिसाने सोडले म्हणून विमा कंपनी सोडेलच असे नाही, आणि सल्ला देणाऱ्याने बहुधाच्या भरवशावर बोलू नये.

एजंटाबद्दल माझे मत तुम्हाला वाटते तितके कडक नाही. रांगेत उभे राहणे होत नाही, संगणकाची सवय नाही, अशा माणसाने कागद लावून देण्याबद्दल कोणाला चार पैसे दिले तर त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु तुमचा एजंट जे म्हणतो आहे ते वेगळे आहे. गाडी न नेता पासिंग करून देणे याचा अर्थ, न पाहिलेली गाडी पाहिली असे कोणाकडून तरी लिहवून घेणे. ते पकडले गेले तर नोंदणी प्रमाणपत्र तुमच्या नावाचे असते, त्याच्या नाही. त्याला काम द्यायचेच असेल तर सरकारी शुल्क तुम्ही स्वतःच्या खात्यातून भरा, म्हणजे पावती तुमच्या हातात राहील आणि त्याची मजुरी किती हेही उघड होईल. कोऱ्या अर्जावर सही करू नका. आणि ओटीपी फोनवरून सांगू नका. ओटीपी सांगणे म्हणजे सही करून देणेच आहे, फरक इतकाच, की सही कशाखाली केली हे तुम्हाला दिसत नाही. त्याच अधिकारातून मालकी हस्तांतराचा अर्जही सुरू करता येतो.

खर्चाचा आकडा पाहून गाडी ठेवावी की काढावी असा विचार मनात येणे साहजिक आहे. इंजिन धूर सोडत नसेल आणि सांगाडा गंजलेला नसेल तर मी तुमच्या जागी नूतनीकरणच केले असते, कारण रोजच्या बँकेच्या आणि बाजाराच्या फेऱ्यांसाठी ओळखीची गाडी नव्या गाडीपेक्षा बरी. एवढे मात्र गृहीत धरा, की २०३० मध्ये गाडी वीस वर्षांची होईल आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बदललेल्या नियमाप्रमाणे वीस वर्षांवरच्या दुचाकीचे नूतनीकरण शुल्क दुप्पट, म्हणजे दोन हजार रुपये आहे. काढायचीच ठरली तर भंगारवाल्याला विकून टाकू नका. त्याने गाडी तोडली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि नोंदीत मालक म्हणून तुमचेच नाव राहील. नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रात ती दिली तर ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते, त्यावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, आणि नोंदणी रद्द करण्याचे कामही त्यातून मार्गी लागते.

तपासणी झाल्यावर आठवडाभराने ॲपवर पुन्हा गाडीचा क्रमांक घाला. नवी तारीख दिसली की डिजिलॉकरमध्ये आरसी उतरवून घ्या. तिथली किंवा एमपरिवहनमधली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते, त्यामुळे कार्ड टपालाने येईपर्यंत गाडी घरात उभी ठेवण्याचे कारण नाही. तारीख बदललेली नसेल तर मात्र पावती घेऊन कार्यालयात जा आणि अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा, ‘होईल’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. पुढच्या वेळचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. आणि एवीतेवी कार्यालयात जातच आहात तर वारसदार म्हणून मुलाचे नाव नोंदवण्याचाही अर्ज द्या. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशनाची सोय झाली आहे, आणि त्याच्या हौसेला तिथे हवी तेवढी जागा आहे.